सौ. फत्तेसिंग

फत्तेसिंग मास्तरांनी एकतीस वर्षं बेंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका शाळेत गणित शिकवलं. एवढ्या वर्षांत पोरांच्या वहीतली चूक त्यांच्या नजरेतून सुटली असं कधी झालं नाही. आणि चूक सापडली म्हणून आवाज चढला, असंही कधी झालं नाही. "परत मोज, बाळ," एवढंच ते म्हणत. मूल परत मोजे. पुन्हा चुकलं, तर पुन्हा "परत मोज, बाळ." काही मुलांनी एकच उदाहरण अकरा अकरा वेळा मोजलं, पण मास्तरांच्या कपाळावर आठी आली नाही. असा हा शांत माणूस. अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या नावाआधी छापील ‘सौ.’ लागलं, तेव्हा मात्र ही शांतता किती चिवट आहे, ते सगळ्या बसवनगुडीला कळलं.

मुळाशी होता एक लोकरी स्टोल. स्टोल म्हणजे काय, ते मास्तर एका वाक्यात समजावत: "शालीच्या निम्मा, मफलरच्या दुप्पट." लहान मुलांना ते लगेच पटे. मोठी माणसं मात्र "म्हणजे शालच ना?" म्हणत, आणि मास्तर मनातल्या मनात त्यांना शून्य गुण देऊन पुढे जात.

मास्तरांचा मुलगा यशोवर्धन के. आर. पुरमला राहतो. त्याची बायको पतियाळ्याची. गेल्या वर्षी तिची आई, जिला घरात सगळे बीजी म्हणतात, तीन महिने लेकीकडे येऊन राहिली होती. मास्तर आठवड्यातून दोनदा मेट्रोने तिकडे जात, आठ वर्षांच्या नातीला, रक्षिताला, गणित शिकवायला. शिकवणी अर्ध्या तासात संपे. मग यशोवर्धन येईपर्यंत व्याही आणि विहीण समोरासमोर बसून राहत. बीजींना मराठी येत नव्हतं आणि कानडीही. मास्तरांचं हिंदी असं, की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटावं. तेव्हा बोलण्याचा प्रश्न नव्हता. बीजींच्या मांडीवर कायम कापड असे. त्या फुलकारी भरत. कापडावर पेन्सिलीची रेघ नाही, छापा नाही, काही नाही. नुसते कापडाचे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर रेशमाचा टाका घालायचा. "इक, दो, तिन्न, चार, पंज..." मास्तर ऐकत राहिले. चौथ्या दिवशी बीजी सातावर थांबून चष्मा पुसू लागल्या, तेव्हा मास्तर न राहवून म्हणाले, "अट्ठ." बीजींनी मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि दुसरी सुई त्यांच्या हातात दिली.

मास्तरांच्या मते गणिताला इतका सुंदर रंग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. एकाच पिवळ्या रेशमाचे टाके आडवे घातले तर एक छटा दिसते, उभे घातले तर दुसरी. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे हे काम करायचं कापडाच्या उलट्या बाजूने. भरणाऱ्याला दिसतात नुसते बारीक ठिपके. फूल उमलतं ते खाली, मांडीकडच्या बाजूला. "म्हणजे पायऱ्या वर आणि उत्तर खाली," असं मास्तरांनी सोयराबाईंना समजावलं. सोयराबाई म्हणाल्या, "सरी, बरं. आता जेवायला या."

सोयराबाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, आणि हे त्या अभिमानाने सांगतात. ब्लाउजचा हूक तुटला तर त्या गांधी बझारच्या टेलरकडे जातात, आणि टेलरने वायदा केला तर तोवर सेफ्टी पिनेवर निभावतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाचकांनीही लक्षात ठेवावं, पुढे कामाला येणार आहे.

बीजींनी जाताना एक कोरा डाळिंबी रंगाचा लोकरी स्टोल दिला. मास्तरांनी चौदा महिन्यांत तो दोनशे अठ्ठ्याऐंशी फुलांनी भरून काढला. समोरच्या धनलक्ष्मीअक्का रोज गॅलरीतून पाहत आणि रोज नवा सल्ला देत. आधी म्हणाल्या, डोळे जातील. मग म्हणाल्या, बेंगळूरात थंडी ती किती, पंधरा दिवस. त्यासाठी चौदा महिने? शेवटी म्हणाल्या, "निदान दार लावून करा हो मास्तर, पाहुणे येतात-जातात." मास्तरांनी त्या दिवसापासून खुर्ची गॅलरीत आणखी पुढे ओढून घेतली.

इथवर सगळं ठीक होतं. मग आलं मंडळाचं प्रदर्शन.

बसवनगुडीतल्या मराठी स्नेहमंडळात दर डिसेंबरात हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. यंदा पहिल्यांदाच अर्ज मोबाइलवर भरायचा होता. खालच्या मजल्यावरचे कृष्णमूर्ती मदतीला आले. कृष्णमूर्ती एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. जगात असा पेच नाही, ज्याला एक फॉर्म नाही, अशी त्यांची श्रद्धा. मास्तरांशी ते कानडीत बोलत. आपण ते मराठीत ऐकू.

"नाव?" कृष्णमूर्तींनी विचारलं, जणू ओळख नवीनच होती.

"फत्तेसिंग."

"नावाआधी काय? तीनच पर्याय दिलेत, मेष्ट्रे. सौ., श्रीमती आणि कु."

मास्तरांनी मोबाइल हातात घेऊन पाहिला. खरंच तीनच होते. ‘श्री.’ कुठेच नव्हतं.

"पुढे जाऊ या की."

"जाता येत नाही. लाल फुली येते. काहीतरी निवडावंच लागेल."

मास्तरांनी शांतपणे विचार केला. कु. म्हणवून घ्यायचं वय राहिलं नव्हतं. श्रीमती निवडावं, तर धडधाकट सोयराबाईंच्या आयुष्याचा प्रश्न. तिन्हीत कमी चूक ‘सौ.’ मध्येच होती. "हे दाबा," ते म्हणाले. "खाली शेरा लिहायला जागा असेल, तिथे खुलासा करू."

शेऱ्याला जागा नव्हती. पुढचा रकाना होता ‘पतीचे नाव’. तिथेही लाल फुली.

"रिकामा रकाना म्हणजे बाद अर्ज," कृष्णमूर्ती गंभीरपणे म्हणाले. "चाळीस वर्षांचा अनुभव सांगतोय. त्यांना जोडीदाराचं नाव हवंय. तुमच्या जोडीदाराचं नाव काय?"

"सोयराबाई."

"मग लिहा की."

लिहिलं. हिरवी खूण उमटली. कृष्णमूर्तींनी विजयी चेहऱ्याने कॉफी मागवली.

तिसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या प्रवेशिकांची ओळखपत्रं आली. चौसष्ट क्रमांकाचं असं होतं: ‘सौ. फत्तेसिंग. पती: सोयराबाई. वस्तू: शाल.’

मास्तरांना पहिला धक्का बसला तो ‘शाल’ वाचून. बाकीचं त्यांना दुसऱ्यांदा वाचल्यावर दिसलं. तोवर ग्रुपवर सत्तावीस जणांनी हात जोडले होते, नऊ जणांनी फुलं टाकली होती, आणि यशवंतपूरच्या एका सभासदाने ‘ताईंचे हार्दिक अभिनंदन’ असं लिहिलं होतं. धनलक्ष्मीअक्कांनी गॅलरीतून हाक मारली, "काय हो ताई, चहा झाला का?"

सोयराबाई सोफ्यावर बसून पदराने डोळे पुसत होत्या. रडत नव्हत्या.

"हसायला काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा कागदावर बढती मिळाली."

मंडळाची कचेरी मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा उघडी असते. मंगळवारी पावणेचारलाच मास्तर पायरीवर जाऊन बसले. चिटणीस चंद्रकांत त्यांचा जुना विद्यार्थी. आता संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण अपूर्णांकाचा भागाकार अजून त्याला नीट येत नसावा, अशी मास्तरांना शंका होती. मास्तरांना पाहताच तो ताडकन उभा राहिला.

"सर, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा."

"नाव दुरुस्त करायचं होतं. ‘सौ.’ च्या जागी ‘श्री.’ हवं, आणि शालीच्या जागी स्टोल."

"सर, ॲक्च्युअली तसं सिस्टीम अलाउ करत नाही. हस्तकला विभाग महिलांचा आहे. मंडळाच्या नियमातच ‘कर्ती’ असं लिहिलंय."

"आणि पुरुषांचा विभाग?"

"आहे ना! कॅरम, बुद्धिबळ, आणि ‘माझे व्यायामाचे अनुभव’ यावर पाच मिनिटं भाषण."

"मी व्यायाम करत नाही. भरतकाम करतो."

"हो, पण सिस्टीम..."

"सिस्टीम कुणी तयार केली?"

चंद्रकांतने खाली पाहिलं. "मीच, सर."

मास्तर नुसते वाट पाहत राहिले, जशी ते फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाची पाहत. या वाट पाहण्याने भले भले विरघळत. चंद्रकांतही विरघळला, पण भलत्याच दिशेला.

"सर, एक सोपा उपाय सांगू? सोयराबाई काकूंच्या नावावर टाकू या. एक क्लिक. स्टोल बघितला मी फोटोत, पहिला नंबर पक्का आहे. घरात आलं म्हणजे झालं ना, सर? तुमच्याकडे काय, काकूंकडे काय!"

"चंद्रकांत," मास्तर म्हणाले, "सातवीत तू नागराजच्या वहीतून उदाहरणं उतरवली होतीस. उत्तरं बरोबर होती. मी तुला गुण दिले होते?"

"नाही, सर."

"का?"

"माझी नव्हती, सर."

"मग आता काकूंना चोरी करायला का सांगतोस?"

बक्षीस मिळो न मिळो. स्टोलखाली आपलंच नाव लागलं पाहिजे, नाहीतर स्टोल ठेवणार नाही, हे मास्तरांनी तिथेच, आवाज न चढवता, सांगून टाकलं. नियम बदलायचा तर वार्षिक सभा लागेल, सभा मार्चमध्ये, आणि प्रदर्शन दोन आठवड्यांवर. चंद्रकांतने अर्ज लिहून मागितला. मास्तरांनी अर्ज दिला. मग अर्जाला पुरावा मागितला. कशाचा, ते त्यालाही नीट सांगता येईना.

"पुरावा म्हणजे प्रतिज्ञापत्र," कृष्णमूर्तींनी संध्याकाळी निकाल दिला. डोळे चमकत होते. निवृत्तीनंतर इतका चांगला खटला त्यांच्या वाट्याला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते मास्तरांना नोटरीकडे घेऊन गेले. मजकूर त्यांनी स्वतः सांगितला: ‘मी, फत्तेसिंग, पुरुष, वय अडुसष्ट, शपथेवर कथन करतो की मी भरतकाम करतो, ते कोणाच्याही दबावाखाली करत नाही, आणि यापुढेही करीन.’ शेवटचे शब्द मास्तरांनी घालायला लावले होते.

नोटरीने दोनदा वाचलं. "केस कसली आहे?"

"फुलांची," मास्तर म्हणाले.

नोटरीने थोडा विचार केला आणि शिक्का मारला.

प्रतिज्ञापत्र कचेरीत पोचलं आणि चंद्रकांतच्या टेबलावरून थेट कस्तुराबाईंकडे गेलं. कस्तुराबाई हस्तकला विभागाच्या प्रमुख. बावीस वर्षं क्रोशाच्या विणकामाला त्यांचाच पहिला नंबर. क्रोशाचे गणपती, क्रोशाची तोरणं, एकदा तर क्रोशाचा पुरा देव्हारा, घंटेसकट. बाई कामाला कडक आणि बोलायला त्याहून. शुक्रवारी त्यांनी मास्तरांना स्टोल घेऊन बोलावलं.

मास्तरांनी स्टोल टेबलावर पसरला. डाळिंबी लोकरीवर पिवळी आणि केशरी फुलं, एकेक पाकळी मापात. कस्तुराबाईंनी एका पाकळीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी जाणत्या बाईसारखं केलं: स्टोल उलटा केला. भरतकाम हाताचं आहे का, ते मागून कळतं. मागे गाठी असतात, दोऱ्यांची गुंतागुंत असते, कुठे रंग ओढून नेलेला असतो. इथे मागे काहीच नव्हतं. बारीक ठिपक्यांच्या रांगा, एकसारख्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हे यंत्राचं आहे."

"नाही, अक्का. फुलकारीची मागची बाजू अशीच असते. भरतात मागूनच."

"मागून कोण भरतं? मी पन्नास वर्षं सुई धरते."

"परत पाहा, अक्का."

"पाहिलं. पाठ इतकी कोरी मी फक्त दुकानात बघितलीय."

कचेरीत आठ-दहा माणसं होती. ती सगळी टेबलाकडे वळली. एकतीस वर्षं दुसऱ्याची कॉपी पकडणाऱ्या माणसावर कॉपीचा आरोप आला होता. मास्तरांचे कान लाल झाले. पण आवाज तोच.

"मी करून दाखवतो. प्रदर्शनात, सगळ्यांसमोर. एक फूल."

"कापड माझं असेल," कस्तुराबाई म्हणाल्या. "आणि हॉल सहाला बंद होतो. तोवर फूल दिसलं, तर तुमचं नाव मी माझ्या हाताने लावीन. नाही दिसलं, तर शाल घरी न्यायची."

"स्टोल," मास्तर म्हणाले.

त्यानंतरच्या आठ दिवसांत सल्ल्यांचा पूर आला. धनलक्ष्मीअक्का म्हणाल्या, आधीच अर्धं फूल भरून न्या, बायकांच्या लक्षात येणार नाही. कृष्णमूर्ती म्हणाले, कस्तुराबाईंनाही प्रतिज्ञापत्र करायला लावा. यशोवर्धनचा फोन आला, "बाबा, सोडून द्या ना. लोक हसतायत." मास्तर म्हणाले, "हसू दे. तू पहिल्यांदा मोठा भागाकार केलास तेव्हा वर्ग हसला होता. मी तुला खाली बसवलं नव्हतं." पतियाळ्याहून बीजींचाही फोन आला. त्या पंजाबीत दहा मिनिटं बोलल्या. मास्तरांना एक शब्द कळला नाही, पण सूर शिव्यांचा होता आणि रोख दुसरीकडे, त्यामुळे त्यांना बरं वाटलं.

प्रदर्शनाचा रविवार आला. हॉलमध्ये ‘महिला हस्तकला’ असा फलक, त्याखाली खुर्ची, खुर्चीत फत्तेसिंग मास्तर, पांढरा शर्ट, नाकावर चष्मा. डावीकडच्या टेबलावर त्यांचा स्टोल, पण त्यापुढे ओळखपत्राची जागा रिकामी. तीन वाजले. कस्तुराबाई मंडळाच्या सत्काराच्या शालींचा गठ्ठा घेऊन आल्या.

"यातली कुठलीही घ्या."

मंडळाकडे या शाली ढिगाने असतात. येईल त्याच्या खांद्यावर पडतात. मास्तरांनी एकेक शाल उजेडाकडे धरली. "नाही. हिचे धागे मोजता येत नाहीत. ही नाही. ही तर कापडच नाही." आठ शाली बाजूला पडल्या. मंडळाने कुणाकुणाला काय पांघरलं होतं, ते सगळ्यांसमोर उघड होऊ लागलं, आणि माजी अध्यक्ष उठून चहाला गेले. नववी शाल खरी लोकरीची निघाली. मास्तरांनी सुईत केशरी रेशीम ओवलं, शाल उलटी केली आणि मोजायला लागले.

"इक, दो, तिन्न..."

मोठी माणसं खुर्चीभोवती दाटून उभी राहिली आणि वरून वाकून पाहू लागली. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली.

"कुठाय फूल?"

"ठिपके आहेत नुसते."

"उलटी धरलीय हो शाल. मास्तर, उलटी धरलीय!"

"वय झालं," कुणीतरी हळू म्हणालं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मास्तरांनी मान वर केली नाही. "पंज, छे, सत्त, अट्ठ."

मुलांना मात्र मोठ्यांच्या पायांमधून काहीच दिसेना. रक्षिता सगळ्यांत आधी खाली सरकली आणि अज्जांच्या पायाशी जमिनीवर बसली. तिच्यामागून वेदिका, सुरज आणि आणखी पाच-सहा पोरं. आता बघा कशी गंमत झाली. मोठी माणसं वरून पाहत होती, त्यांना दिसत होते ठिपके. पोरं खालून पाहत होती, आणि त्यांच्या डोक्यावर, शालीच्या सुलट्या बाजूला, केशरी पाकळी एकेका टाक्याने लांब होत होती.

"अय्यो, फ्लॉवर!" वेदिका ओरडली.

"कुठे?" वरून कुणीतरी विचारलं.

"इथे! इथून बघा!"

पण खाली बसून बघायचं म्हणजे साडीच्या निऱ्या, गुडघे आणि प्रतिष्ठा, तिन्हींचा प्रश्न होता. कोणी बसलं नाही. पोरं मोजू लागली. रक्षिता पंजाबीत, सुरज कानडीत, वेदिका मराठीत. ‘अट्ठ’, ‘एंटू’ आणि ‘आठ’ एकाच टाक्यावर पडत, आणि मास्तरांना आपला जुना वर्ग परत मिळाल्यासारखं वाटलं. त्यांना इतका आनंद झाला की जे एकतीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. लक्ष मोजणीवरून उडून मुलांवर गेलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी तीन पाकळ्या पूर्ण झाल्या. चौथी सुरू करणार, तोच खालून रक्षिताचा आवाज आला.

"अज्जा, ही दुसरी पाकळी एक्स्ट्रा आहे."

"परत मोज, बाळ."

ती बोट लावून मोजू लागली. "नऊ. बाकीच्या आठ."

"नाही, आठच असणार. परत मोज."

"मोजलं मी." ती उठून त्यांच्या गुडघ्यापाशी उभी राहिली. "आता तुम्ही परत मोजा, अज्जा."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि सुईच्या टोकाने धागे मोजले. मग पुन्हा मोजले. नऊ होते. एक धागा. केसाएवढा.

"शाबास," ते म्हणाले. आणि उसवायला लागले.

"सर!" चंद्रकांत पुढे आला. "काय करताय? चाळीस मिनिटं उरलीत! एक पाकळी राहिलीय. एक धागा कुणाला दिसणारे?"

"रक्षिताला दिसला."

"ती लहान आहे, सर!"

"म्हणूनच."

दुसरी पाकळी चुकली म्हणजे तिसरीही चुकलेल्या जागेवरून सुरू झालेली. दोन्ही काढणं आलं. हे रेशीम पीळ नसलेलं, ओढलं तर विस्कटतं. सुईचं बोथट टोक घालून एकेक टाका, घातला तसाच, उलट क्रमाने काढावा लागतो. मास्तर तसे काढत राहिले. "अट्ठ, सत्त, छे..." पोरांनाही उलटं मोजायला मजा वाटली. मोठी माणसं हळहळली, मग कंटाळली, मग खुर्च्यांवर जाऊन बसली. कृष्णमूर्तींनी कपाळाला हात लावला; प्रतिज्ञापत्रात उसवण्याची तरतूद नव्हती. कस्तुराबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. हाताची घडी घालून मास्तरांच्या बोटांकडे पाहत राहिल्या.

सहाला पाच मिनिटं असताना हॉलचे देवाप्पा किल्ल्या वाजवत आले. शालीवर एक पाकळी उरली होती, आणि बाकी जागी बारीक भोकं.

"झालं?" चंद्रकांतने हळूच विचारलं. "फूल तर नाही, सर."

"नाही," मास्तर म्हणाले. "आज नाही झालं." त्यांनी सुई पुन्हा ओवली. "पण झाल्याशिवाय मी उठणार नाही."

"हॉल बंद करायचाय, सार," देवाप्पा म्हणाले.

"करा. मी पायरीवर बसेन. तिथे दिव्याचा खांब आहे."

ते हे इतक्या साधेपणाने म्हणाले, की देवाप्पा किल्ल्या खिशात घालून तिथेच बसले.

तेव्हा कस्तुराबाई पुढे आल्या. त्यांनी साडी सावरली, एक हात खुर्चीवर टेकला आणि सगळ्या मंडळासमोर जमिनीवर, पोरांच्या रांगेत, बसल्या. शालीखाली मान घातली. केशरी पाकळी बराच वेळ बघितली. मग तिथूनच म्हणाल्या:

"चंद्रकांत, ते चौसष्ट नंबरचं कार्ड आण."

"पण अक्का, फूल कुठे झालंय?"

"विकत आणलेली वस्तू कुणी उसवतं का रे? मी एकदा देव्हाऱ्याचा कळस उसवला होता, तीन रात्रींचं काम होतं. घरचे म्हणाले, वेड लागलंय. एका धाग्यासाठी दोन पाकळ्या काढणारा माणूस पाहिला, आता मला फूल कशाला बघायचंय? कार्ड आण."

"सिस्टीममध्ये ‘सौ.’ च..."

"सिस्टीम तुझ्या लॅपटॉपात ठेव. कार्ड आण."

कार्ड आलं. कस्तुराबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि ‘सौ.’ वर अशी फुली मारली, की कागद थोडा फाटला. ‘शाल’ खोडून ‘स्टोल’ लिहिलं. मास्तरांनी ते वाचून, अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या अक्षराला मनात दहापैकी दहा दिले. मग बाईंचं पेन खालच्या ओळीकडे वळलं. ‘पती: सोयराबाई.’

"थांबा, अक्का," मागून आवाज आला. सोयराबाई गर्दीतून पुढे आल्या होत्या. पदराला खांद्यावर सेफ्टी पिन. "ती ओळ राहू द्या."

"अहो, पण ती चूक आहे."

"कोण म्हणतं? घरी येऊन बघा."

हॉलमध्ये जो हशा उसळला, तो सोयराबाईंनी शांतपणे उभं राहून घेतला. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. पण दुरुस्तीत जन्म गेलेला हा माणूस त्या ओळीची दुरुस्ती करायला काही तोंड उघडेना. त्याला वेळ नव्हता. शाल उलटी मांडीवर, दुसरी पाकळी पुन्हा पहिल्यापासून, आणि खाली पोरांच्या रांगेत बसलेल्या कस्तुराबाई सगळ्यांत मोठ्याने मोजत होत्या:

"इक, दो, तिन्न..."

"अक्का, घाई नको," मास्तर म्हणाले. "परत."